राणी गेल्यावर पडलेला रुपया

गडचिरोलीहून मुरूमगावच्या दिशेने निघालं की वाटेत धानोरा लागतं. तिथे एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. नाव देत नाही, कारण त्यांच्या लोखंडी पेटीत चांदी आहे आणि घराला धड कुंपण नाही. पेटीत चौदा नग आहेत. राजेराण्या मेल्या तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ काढलेली पदकं आणि नाणी. तिकिटं जमवणारे मी पाहिलेत, काडेपेट्या जमवणारेही पाहिलेत. मरणं जमवणारा माणूस मला हा एवढाच माहीत. नागपूरच्या इतवारीत मोडीत आलेलं एक पदक त्यांनी दया येऊन विकत घेतलं, तिथून सुरुवात झाली. मग आधी पगारातून आणि पुढे पेन्शनीतून पेटी हळूहळू भरत गेली. धानोऱ्यातले लोक याला 'गुरुजींचा नाद' म्हणतात आणि विषय बदलतात.

मध्यंतरी गेलो तेव्हा ओसरीवर एक आशाताई बसल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, गोंड, गुरुजींच्याच हाताखाली सातवीपर्यंत शिकलेल्या. समोर टेबलावर औषधाच्या दुकानाची पिशवी आणि तिच्यावर रुपयांची माळ. अकरा रुपये, प्रत्येकाच्या डोक्यावर कडी डाकलेली, काळ्या दोऱ्यात ओवलेले. आजीची माळ. आजी नव्वदी ओलांडून गेल्या वर्षी गेली आणि आता माळ तिघी बहिणींत वाटायची होती. दोघींचं म्हणणं, मोडून टाकू. चांदी किलोला लाखाच्या पुढे गेली, याहून चांगला भाव कधी येणार?

"तुम्हाले यातलं समजते गुरुजी," ताई म्हणाल्या. "किमत सांगा जी."

गुरुजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक रुपया उलटापालटा करून साल वाचलं. सगळ्यात जुना १८६२ चा, सगळ्यात नवा १९१८ चा. सहा राणीछाप, पाच राजाछाप. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"डाक लागलीय सगळ्यांना. नाणं म्हणून ही मेलेली. मोडीचा भाव येईल. कोरा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर तोळ्याचा. शंभरात ९१.७ भाग चांदी. त्यातून झीज वजा कर."

"मेलेली?" ताईंनी माळ उचलून हातात घेतली. "आजीनं सत्तर-पंच्याहत्तर वर्सं गळ्यात घातली हे. मेलेलं घातलं होतं काय तिनं?"

"अगं, संग्राहकाच्या दृष्टीनं म्हणतोय मी. डाक दिली की धातू तापतो, कडा बिघडते. लिलावात त्याला कोणी हात लावत नाही."

"मंग तुमच्या पेटीतले जिते आहेत?"

गुरुजी हसले नाहीत. उठून पेटी घेऊन आले. मला ही पेटी पाठ आहे, पण गुरुजी ती दुसऱ्याला दाखवत असताना बघणं वेगळं. पहिला नग त्यांनी ताईंच्या तळहातावर ठेवला. १९०२ सालचा पाच मार्कांचा जाड तुकडा. जर्मनीतल्या सॅक्सनीचा राजा आल्बर्ट. जन्म २३ एप्रिल १८२८, मृत्यू १९ जून १९०२, दोन्ही तारखा नाण्यावरच कोरलेल्या. दोन वर्षांनी त्याच्या जागी आलेला भाऊ गेओर्गही वारला, तर त्याचंही असंच नाणं निघालं. जर्मन संस्थानांत ही जुनी रीत होती आणि तिकडच्या भाषेत या प्रकाराला 'मृत्यूचा थालर' असंच म्हणतात, हे गुरुजींनी सांगितलं.

"म्हणजे मोठ्या घरच्या तेरवीत नाव कोरून गडवे वाटतात तसं," ताई म्हणाल्या.

गुरुजी एकदम खूश झाले. तीस वर्षांत ही उपमा त्यांना सुचली नव्हती. "अगदी तसंच! गडवा घरी न्यायचा, पाणी प्यायचं, मेलेल्याचं नाव डोळ्यासमोर. फरक एवढाच की हा गडवा बाजारात चालायचा."

"अन् ज्याच्या घरी गडवे वाटायले पैसा नाही त्याचं नाव कोठी?"

याला गुरुजींकडे लगेच उत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी पुढचा नग काढला. वाद चालू असताना पुढचा नग काढणं ही संग्राहकांची जुनी युक्ती आहे.

मध्येच माझं एक सांगून घेतो. आपल्याकडे राजाच्या मरणाची चांदी का नाही, हा प्रश्न मला या पेटीमुळे पडला. आपल्या राजांनी राज्याभिषेकाला नाणी पाडली, मरणाला नाही. उलट राजा मेला हे नाण्याला कळूच द्यायचं नाही, अशीच रीत दिसते. नागपूरकर भोसल्यांचे रुपये मोगल बादशहा अहमदशाहच्या नावाने पडत राहिले. त्या बादशहाला १७५४ सालीच गादीवरून ओढून आंधळं केलं होतं. कंपनी सरकारही यात मागे नव्हतं. शाहआलम १८०६ ला वारला, तरी त्याच्या नावाचे रुपये कंपनी १८३५ पर्यंत काढत होती. सावकाराला ओळखीचा शिक्का हवा असतो. त्यावरचा माणूस जिवंत आहे की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

मरणाची आठवण आपण दगडात ठेवली. चांद्याचा गोंड राजा बिरशहा मारला गेला, तेव्हा राणी हिराईने अचलेश्वराच्या देवळाशेजारी त्याची समाधी बांधली. आजही चंद्रपुरात ती उभी आहे. कोल्हापूरचे राजाराम महाराज ऐन विशीत युरोपच्या प्रवासाला गेले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्सला वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं आणि त्याच जागी छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसवला गेला. नागपूरचे तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ ला निपुत्रिक वारले. त्यांच्या मरणाची चांदी मात्र झाली, पण वेगळ्या अर्थाने. डलहौसीने राज्य खालसा केलं, राजवाड्यातले हत्ती-घोडे आणि जडजवाहीर लिलावात गेलं, आणि भोसल्यांचा चांदा इंग्रजांचा जिल्हा झाला. धानोरा तेव्हा त्याच चांद्यात. गडचिरोली हा वेगळा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ पासूनचा.

तेवढ्यात ताईंनी नेमका तोच काळ काढला.

"आमच्या बाबुरावाचं पदक आहे काय पेटीत?"

बाबुराव शेडमाके, मोलमपल्लीचे जमीनदार. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यानंतर अकरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, अलाहाबादेत व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचला गेला आणि कंपनीचं राज्य राणीचं झालं. म्हणजे बाबुराव कंपनीच्या राज्यात मेले आणि त्यांच्या मागच्यांच्या हातात पुढे राणीछाप रुपया आला.

गुरुजींनी पेटीच्या झाकणातल्या कप्प्यातून एक टपाल तिकीट काढलं. टपाल खात्याने बाबुरावांवर काढलेलं. "चांदी नाही. पण ठेवलंय."

"झाकणात?"

"चांदीच्या खणात कागद ठेवला तर खराब होतो."

हे खरं होतं. तरी ताईंच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पाहिलं, आणि गुरुजींनीही पाहिलं असावं, कारण त्यांनी तिकीट परत झाकणात ठेवायची घाई केली नाही.

मग इंग्लंडची राजकन्या शार्लट निघाली.

शार्लटचं पदक चांदीचं नाही, स्वस्त पांढऱ्या धातूचं. तिच्या मरणावर चांदीत, काशात आणि या पांढऱ्या धातूत इतकी पदकं निघाली की गरिबातल्या गरीब इंग्रजालाही एखादं परवडावं. जवळपास दोनशे वर्षांनी ते धानोऱ्याच्या पेन्शनरलाही परवडलं. गुरुजींच्या लेखी ही पेटीची किल्ली. ती का, हे त्यांनी आजवर मला तीनदा सांगितलंय. या खेपेला मात्र त्यांना सांगायला मिळालं नाही.

"कशानं गेली ही?" ताईंनी विचारलं.

"बाळंतपणात. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची नात. एकवीस वर्षांची."

"पहिलटकरीण?"

"आधी दोनदा गर्भ पडला होता. हे पहिलंच पूर्ण दिवसांचं."

"कळा किती वेळ?"

गुरुजी जरा थबकले. "पन्नास तास. ५ नोव्हेंबर १८१७ च्या रात्री नऊच्या सुमाराला मुलगा झाला, मेलेला. मोठं बाळ होतं. आणि पहाट व्हायच्या आत ती पण गेली."

"वार?"

"अडकली होती. डॉक्टरनं हात घालून काढली."

"अन् मंग रक्त गेलं." ताईंनी हे विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. "पन्नास तास झाले तरी चिमटा नाही लावला?"

"नाही लावला. सर रिचर्ड क्रॉफ्ट नावाचा डॉक्टर होता. निसर्गाला त्याचं काम करू द्यावं असं त्याचं मत. त्याआधी सगळे दिवस तिला कमी खायला घालून, अंगातलं रक्त काढून ठेवलं होतं. तेव्हाची पद्धतच ती."

"पोटुशी बाईचं रक्त काढलं?"

ओसरीवर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग ताईंनी पदक टेबलावर पालथं घातलं. माझ्या मते संबंध संध्याकाळीत कोणी केलेली सगळ्यात स्पष्ट टीका तीच.

"क्रॉफ्टनं पुढच्या फेब्रुवारीत स्वतःला गोळी घालून घेतली," गुरुजी हळू आवाजात म्हणाले.

"त्याचं पदक निघालं काय?"

"नाही."

"मी सांगतो गुरुजी, काहून इचारलं." ताई गडचिरोलीच्या बायका बोलतात तशा 'मी सांगतो' म्हणतात. "हे पदक पाहून काय समजते? का बाई मेली. कशी मेली ते नाही समजत. आमच्याकडं बाळंतीण गेली तं कागद भरतात. घरी येऊन इचारतात, कळा कवा सुरू झाल्या, गाडी कवा बोलावली, गाडी कवा आली, दवाखान्यात कोण होतं. जे घरी गेलं त्याचंही, जे रस्त्यात गेलं त्याचंही. कोणाची चूक हे काढासाठी नाही. पुढची नाही मेली पाहिजे म्हणून. तुमच्या राणीसाठी असा कागद भरला असता तं चिमटा लावासाठी तिथं कोणी उभं राहिलं असतं."

"राजकन्या होती," गुरुजी म्हणाले, पण सवयीनेच.

या बोलण्यामागे या रस्त्याचा इतिहास आहे. धानोरा तालुक्यातच चातगावजवळ 'सर्च'चं शोधग्राम आहे, अभय आणि राणी बंग यांचं. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवायचं, श्वास मोजायला, ताप बघायला, जंतुसंसर्ग ओळखायला शिकवायचं, हा प्रयोग त्यांनी नव्वदच्या दशकात गडचिरोलीतल्या ३९ गावांत केला. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने तो अभ्यास छापला. आज देशभरच्या आशा बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, त्याचं मूळ या रस्त्यावर आहे. ताईंच्या पिशवीत तराजू, थर्मामीटर आणि वही असते. गुरुजींच्या पेटीत चौदा मरणं. वहीत किती, हे मी विचारलं नाही.

गुरुजी मात्र हार मानणाऱ्यातले नाहीत. त्यांनी पालथं पदक सुलटं केलं.

"आता माझं ऐक. ही पोर मेली, तेव्हा तिसऱ्या जॉर्जला सात मुलगे जिवंत होते, पण औरस नातवंड हे एकच होतं. पुढच्या पिढीत गादीला वारस उरला नाही. मग म्हाताऱ्या राजपुत्रांची लग्नाची धावपळ सुरू झाली. त्यांतल्या केंटच्या ड्यूकनं १८१८ मध्ये लग्न केलं आणि २४ मे १८१९ ला त्याला मुलगी झाली. ती व्हिक्टोरिया. शार्लट वाचली असती तर व्हिक्टोरिया जन्मलीच नसती. मग तुझ्या आजीच्या गळ्यात राणीछाप कुठून आला असता?"

"कोणातरी दुसऱ्याचं तोंड असतं त्याच्यावर. चांदी तं तेवढीच भरली असती."

मी मोठ्याने हसलो. गुरुजी माझ्याकडे असे पाहू लागले की मी गप्प झालो. खरं सांगायचं तर ताईंचं उत्तर बिनतोड होतं. ज्यांनी या माळा घातल्या त्यांना राणीशी कर्तव्य नव्हतं. मोहफुलं, लाख, डिंक, धान विकून हातात आलेला रुपया खर्च झाला नाही तर गळ्यात गेला, एवढाच हिशेब. बाजारात रुपया म्हणजे वजनही होतं. ऐंशी रुपयांचा शेर धरत. जंगलातल्या बाईला बँक माहीत नव्हती, पण तोळा माहीत होता. १९४१ मध्ये सरकारने राणीछाप रुपया व्यवहारातून बाद केला, पुढे राजाछापही गेला आणि १९४७ चा रुपया निकेलचा आला. तोवर गळ्यातले गळ्यातच राहिले आणि त्यांचे दागिने झाले.

पण गुरुजींच्या हातात अजून एक पान होतं. त्यांनी माळेतला सहावा रुपया बोटांत धरला.

"१९०१. बघ. मुकुट घातलेली राणी, मागे वन रुपी इंडिया. खाली फुलापाशी बारीक इंग्रजी बी, म्हणजे मुंबईची टांकसाळ. राणी गेली २२ जानेवारी १९०१ ला. वर्षाचे तीन आठवडे झाले होते. टांकसाळ थांबली नाही, जुन्याच शिक्क्यावर रुपये पडत राहिले. सातव्या एडवर्डचा चेहरा असलेला पहिला रुपया १९०३ चा. म्हणजे १९०१ चा रुपया हातात आला की तो राणी गेल्यावर पडलेला असण्याचीच शक्यता जास्त. माझ्याकडे लंडनहून आलेलं राणीच्या मृत्यूचं पदक आहे, त्याला मी दोन महिन्यांची पेन्शन मोजली. तुझ्या आजीनं तेच गळ्यात घातलं होतं, न मोजता."

"मोजूनच घातलं असन. ते रुपये होते."

"मोजून," गुरुजींनी मान्य केलं.

ताईंनी तो रुपया नीट पाहिला. मग शेजारचा १९०३ चा पाहिला. "याच्या डोक्यावर मुकुट नाही."

"एडवर्डला इथल्या रुपयावर उघड्या डोक्याचाच काढलाय."

"आजी त्याले बोडका म्हणे. मले वाटे कोणी भटजी आहे."

एडवर्ड ६ मे १९१० ला वारला. आपल्याकडे त्याची आठवण चांदीत कमी आणि इमारतींत जास्त राहिली. १९२३ मध्ये अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघालं, आजची विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, आणि १९२६ मध्ये मुंबईत परळला केईएम रुग्णालय उघडलं. नावातला 'ई' म्हणजे हाच बोडका. (बारा वर्षांनी त्याच तारखेला, ६ मे १९२२ ला, शाहू महाराज मुंबईत गेले. गुरुजींना अशा तारखा जुळवायची खोड आहे, ती आता मला लागली.) ताईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "हे बरं केलं. पदकापेक्षा दवाखाना बरा." गुरुजींनी मान हलवली, पण ती सहमतीची होती की दुखावल्याची, हे मला कळलं नाही.

"पण एक सांग," ते थोड्या वेळाने म्हणाले, "मोठ्यांच्या मरणाचा लहानांना काहीच उपयोग नसतो, असं तुला म्हणायचंय का? स्वतंत्र भारतानं पहिलं स्मारक नाणं काढलं ते कोणाचं? नेहरूंचं, १९६४ साली, वर १८८९-१९६४ असं लिहिलेलं. राजा नाही, चांदी नाही, निकेल. पण निमित्त मरणच. लोकांना अशी एक खुंटी लागते. तिच्यावर आपलं टांगायला."

"काय टांगायला?"

"तारखा. तुझी आजी केव्हा जन्मली?"

"कोणाले माहीत."

"लग्न केव्हा झालं?"

"गांधी गेले त्या उन्हाळ्यात," ताई सहज म्हणाल्या आणि मग स्वतःच थांबल्या.

गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर टेबलावर हात आपटला असता.

"आजी तसंच सांगे," ताई सावकाश म्हणाल्या. "तिची मोठी बहीण आधी त्याच घरी दिली होती. दुसऱ्या बाळंतपणात गेली. मागल्या धानकापणीत. लेकरू होतं लहान, म्हणून तिच्याच नवऱ्याले आजीले दिलं. ही माळ बहिणीची होती. बहिणीच्या गळ्यातून काढली अन् आजीच्या गळ्यात घातली."

"कळा किती वेळ होत्या?" हे मी विचारलं आणि विचारल्यावर वाटलं, नको होतं.

"कोण सांगन? तिचं नावही आम्हाले आजीनंच सांगितलं म्हणून माहीत आहे."

शार्लटचं बाळ रात्री नऊला झालं, हे दोनशे वर्षांनी धानोऱ्याच्या ओसरीवर माहीत होतं. इथून दोन कोसांवर गेलेल्या बाईचं सालही नव्हतं. ताईंचा मुद्दा याहून मोठ्या आवाजात मांडता आला नसता आणि त्यांनी तो मांडलाही नाही. पण आता पाळी गुरुजींची होती आणि या वेळी त्यांनी पेटीला हात लावला नाही.

"गांधी गेले ३० जानेवारी १९४८ ला. त्या उन्हाळ्यात आजीचं लग्न, म्हणजे मार्च ते मे. मागची धानकापणी म्हणजे ४७ चा नोव्हेंबर, फार तर डिसेंबर. तेव्हा गावात कोतवाल होता की नाही?"

"होता. कोतवाल अजून आहे."

"मग कोतवाल बुक आहे."

मध्य प्रांताच्या गावांत जन्म-मृत्यू लिहायचं काम कोतवालाकडे होतं. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, तारीख, मृत्यूचं कारण. आज ही जुनी बुकं सगळ्यांना ठाऊक झालीत ती वेगळ्याच कारणाने. जात पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांच्या नोंदीची नक्कल लागते आणि ती बहुतेकदा कोतवाल बुकात सापडते. जातीचा पुरावा म्हणून लाखो लोकांनी ती पानं उलटली. त्यात मेलेल्या बायकांची पानंही आहेत, पण त्यांची नक्कल मागायला फारसं कोणी जात नाही, कारण वंशावळ बापाकडून चालते.

"ते कारण लिहीत?" ताईंनी विचारलं.

"बहुतेक ठिकाणी 'ताप' लिहीत," गुरुजी म्हणाले. "कोतवाल काही डॉक्टर नव्हता. पण तारीख लिहीत. मी शाळेत असताना मुलांच्या दाखल्यांसाठी शेकडो नकला पाहिल्यात. नकलेच्या अर्जात साल लिहावं लागतं, तिथेच लोक अडतात. तुझं साल निघालं."

"पान वाळवीनं खाल्लं असन तं?"

"तर खाल्लं असेल. म्हणूनच मी चांदी जमवतो, पोरी. वाळवी चांदी खात नाही."

संध्याकाळभरात गुरुजींचं एवढं एकच वाक्य ताईंनी खोडलं नाही. ते खरं आहे असंही त्या म्हणाल्या नाहीत. माझं मत विचाराल तर पदक आणि वही यांत वही श्रेष्ठ, यात मला शंका नाही. पदकाने एकही बाळंतीण वाचवली नाही. पण वहीला वाळवी लागते, बुक गहाळ होतं, पावसाळ्यात खोलीत पाणी शिरतं. मग आजीच्या तोंडून आलेली 'गांधी गेले त्या उन्हाळ्यात' एवढी ओळ आणि कडी डाकलेले अकरा रुपये, इतकंच हाती राहतं. गुरुजींच्या पेटीला मी आजवर हौस समजत होतो. आता इतकं तरी म्हणेन की ही माळ तिथे बसत नाही, हा दोष माळेचा नव्हे, पेटीचा आहे.

निघताना गुरुजींनी घरचा छोटा काटा आणला आणि १९०१ चा रुपया दोऱ्यातून काढून तोलला. कडीसकट ११.४ ग्रॅम. गळ्याच्या घामाने आणि चोळीच्या घासण्याने जेवढी चांदी गेली, त्यातली थोडी डाकेने परत दिली होती. त्यांनी आपल्या वहीत नोंद केली, नग पंधरावा, आणि किमतीच्या रकान्यात काही लिहिलं नाही. मालकाच्या रकान्यात त्यांनी ताईंना विचारून आजीच्या बहिणीचं नाव लिहिलं. रुपया परत दोऱ्यात ओवून दिला.

तुमच्याही घरात अशी माळ, पुतळी किंवा कडीचा रुपया असेल आणि तो मोडायला काढला असेल, तर सोनाराकडे जायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, साल वाचा आणि तो कोणाच्या गळ्यातला हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा. साल आठवत नसेल तर कोण गेलं तेव्हाची गोष्ट, ते विचारा.

ताईंनी दुसऱ्याच आठवड्यात नकलेचा अर्ज दिला. सालाच्या जागी १९४७ लिहिलं. बहिणींची बोलणी अजून चालू आहेत आणि माळ तोवर ताईंकडे आहे, अकराच्या अकरा.